पाव फेरा

दुकानातलं स्टीलचं कपाट तिचं. त्यात दोनशे चाळीसच्या वर माहितीपुस्तिका आहेत आणि बहुतेकांची प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नाही. पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र विकत घेणारी माणसं यंत्र उचलतात, खोकाही उचलतात आणि पुस्तिका काउंटरवर विसरून जातात. ती त्या क्रमानं लावते. प्रत्येक प्रकारची एक फोडून वाचतेही. म्हणून तिचं नाव पोथी पडलं. नाव ठेवलं तिच्या बापानं.

बाप म्हणजे मास्तर. एकतीस वर्षं ते लोकांना समुद्राच्या तळाशी नेऊन आणत होते. दुकानात त्यांना बाबा म्हणायचं नाही, मास्तर म्हणायचं, हा नियम ती सतरा वर्षांची असताना झाला. आता ती छत्तीसची आहे. तिचं काम मागच्या खोलीत: तोंडाशी हवा आणून देणारे रेग्युलेटर खोलायचे, झिजलेल्या रबरी कड्या बदलायच्या, सिलिंडरमध्ये हवा भरायची. शिकवायचा परवाना तिनं केव्हाच मिळवला होता, पण मास्तरांनी तिला एकही वर्ग दिला नाही. "ही शिकवायला लागली तर गिऱ्हाईक पाण्यात पोचेपर्यंत म्हातारं होईल," असं ते गिऱ्हाइकांसमोरच सांगत.

लोक वाचत नाहीत यात सगळा दोष लोकांचा नाही, हे तिलाही मान्य होतं. पुस्तिका अकरा भाषांत. पहिली नऊ पानं नुसते इशारे: उन्हात ठेवू नका, यानं खिळे ठोकू नका, श्वास रोखून वर येऊ नका. खिळा आणि मरण एकाच ठशात छापलेलं. चौथ्या पानावर माणूस पुस्तिका मिटतो. शिवाय ही विद्या तोंडी चालते. मास्तरांनी केलं तसं आपण करायचं. बोटीवर पुस्तिका काढणारा नवखा दिसतो, आणि नवखं दिसू नये म्हणून माणसं काय काय पत्करतात ते ती रोज बघत होती.

सिलिंडरच्या तोटीचंच घ्या. जुन्या तोट्या पूर्ण उघडल्या की अडकून बसायच्या, म्हणून पूर्ण उघडून पाव फेरा मागे आणायची रीत होती. मग तोट्या बदलल्या. नव्या पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेलं असतं: पूर्ण उघडा, मागे फिरवू नका. कारण सवयीच्या हाताची एखाद्या दिवशी दिशा चुकते, तोटी पूर्ण बंद होते, आणि मागे आणल्यावर पाव फेराच उघडी राहते. वर असताना हवा नीट येते. खोल गेल्यावर ती पुरत नाही.

मास्तरांचा पाव फेरा मात्र सुटला नाही. उडी मारण्याआधी प्रत्येकाची तोटी ते स्वतः फिरवत आणि पाठीवर एक थाप देत. ती थाप मिळावी म्हणून लोक पुन्हा पुन्हा येत.

दातांचे डॉक्टर त्यांतलेच. दोन वर्षं नियमित येणारे, मऊ बोलणारे. त्यांनी नवा संच घेतला आणि पुस्तिका चक्क घरी नेली. पुढच्या शनिवारी ती हातात घेऊन काउंटरपाशी उभे राहिले. आणखी चार नेहमीचे लोक होतेच.

"मास्तर, एक शंका होती. बाविसाव्या पानावर म्हणतात की तोटी..."

"डॉक्टर, तुम्ही दात पुस्तकात बघून उपटता का?"

चौघे हसले.

"तसं नव्हे, पण..."

"ज्यानं हे लिहिलं तो न्हाणीघराबाहेर कधी भिजला नसेल. पोथे, ये बाहेर! तू सांग, तुला तर पाठ असेल."

ती हात पुसत दारात आली. "डॉक्टरांचं बरोबर आहे. नव्या तोट्यांना..."

"झालं, दोघांचं जमलं! घेऊन जा हिला, डॉक्टर. कपाटातल्या मालासारखीच आहे, पिशवी न फोडता पडून."

हसण्याचा गडगडाट झाला. डॉक्टरही हसले, आधी थोडे, मग सगळ्यांइतके. मास्तरांनी त्यांच्या हातातून पुस्तिका घेतली, दुमडली आणि काउंटरच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. हलवून बघितलं. "बघा, शेवटी उपयोगाला आली."

रविवारी बोट निघाली; सिलिंडर सांभाळायला तीही होती. डॉक्टरांनी संच स्वतः जुळवला. तोटी त्यांनी पूर्ण उघडली आणि मागे फिरवली नाही. ते तिनं पाहिलं, आणि तिनं पाहिलं हे त्यांनी पाहिलं. चोरून खाऊ खाताना सापडल्यासारखे ते हसले.

मग मास्तर आले. लाटा होत्या. मागे जायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी समोरूनच डॉक्टरांच्या खांद्यावरून हात घातला. समोरून दिशा उलटी होते. मनगट फिरत राहिलं. पूर्ण उघडी असलेली तोटी त्यांनी पूर्ण बंद केली आणि सवयीनं पाव फेरा मागे आणली. मग थाप.

ती तीन फुटांवर बसली होती. तिनं तोंड उघडलं.

"काय पोथे, कितवं पान?" मास्तर म्हणाले. ती काही बोलायच्या आतच बोट हसली. डॉक्टरांनी हवेच्या काट्याकडे नजर टाकली. काटा सिलिंडर भरलेला दाखवत होता. तोटी पाव फेराच उघडी असली तरी वर असताना तो तेच दाखवतो.

"काही नाही," ती म्हणाली.

अठ्ठावीस मीटरवर डॉक्टरांना हवा पुरेना. जोरात ओढली तशी आणखीच कमी मिळाली. मास्तर पुढे होते, त्यांची पाठ डॉक्टरांकडे होती. डॉक्टर घाबरले, श्वास रोखून सरळ वर आले आणि वर येता येता त्यांची फुप्फुसं फाटली. किनारा लागायच्या आत संपले. सिलिंडरमध्ये तीन चतुर्थांश हवा शिल्लक होती.

अपघातानंतर तोटी बंद करताना फेरे मोजून लिहावेत, असं मार्गदर्शिकेत आहे. बोटीवर ते एकट्या तिलाच ठाऊक होतं. तिनं मोजले, वेळ टाकली आणि वहीत लिहिलं: पाव.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब दुकानात आले. मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"काय सांगू साहेब, हल्लीची माणसं! एवढं महागडं यंत्र घेतात, पण पुस्तिका उघडून बघत नाहीत. त्यात स्वच्छ लिहिलंय, तोटी पूर्ण उघडा. बाविसावं पान."

मागच्या खोलीत तिचा हात थांबला. पान त्यांच्या लक्षात होतं.

"पुस्तिका बघायला मिळेल?" साहेबांनी विचारलं.

"हो तर. बाळा, साहेबांना एक कोरी दे गं."

एकोणीस वर्षांत दुकानात त्यांनी तिला बाळा म्हटलं नव्हतं. ती कपाटापाशी गेली नाही. काउंटरला खांदा लावून तिनं तो उचलला आणि पायाखालची पुस्तिका ओढून काढली. काउंटर पुन्हा डुगडुगायला लागला.

साहेबांनी बाविसावं पान उघडलं. काउंटरच्या पायाचा गोल ठसा तिथवर उमटला होता. ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात डॉक्टरांचं बारीक अक्षर: मास्तरांना विचारणे.

मास्तर काहीतरी बोलायला लागले. साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. तिनं शेजारी वही ठेवली आणि बोटीवर काय पाहिलं ते सांगितलं: कुठला हात, कुठली दिशा, किती फेरे. इतकं सलग ती या काउंटरपाशी कधी बोलली नव्हती, आणि कुणी हसलं नाही.

साहेब सगळं लिहून घेत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुम्ही किती अंतरावर होता?"

"तीन फूट."

"आणि तोटीचा हा नियम तुम्हाला माहीत होता?"

"पाठ आहे."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

तिनं मास्तरांकडे पाहिलं. ते काउंटरची डुगडुगणारी बाजू हातानं दाबून बसले होते.

"सगळे हसले असते," ती म्हणाली.

साहेबांनी तेही लिहून घेतलं आणि कागद तिच्यासमोर सरकवून सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं.