ओलेत्याचा नवस

देवावर रागावूनच मी त्या रविवारी देवाला निघाले होते. चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात त्या दुष्काळी उन्हाळ्यात टँकर त्याच्या मनाला येईल तेव्हा यायचा, आणि सासूबाईंनी भरलेली घागर जीपमध्ये चढवली होती. पिण्यासाठी नव्हे, अंगावर ओतून घेण्यासाठी. माझी सात वर्षांची लेक हिवाळ्यात टायफॉइडने अंथरुणाला खिळली, तेव्हा त्या बीडच्या टेकडीवरल्या खंडोबाला बोलल्या होत्या की, पोर उठली तर पायथ्याशी न्हाऊन ओलेत्यानं, म्हणजे भिजल्या लुगड्यानिशी, वर येईन. "घरात प्यायला न्हाई आन् तुमी अंगावर ओतणार?" मी विचारलं. "शब्द देलाय मी. कोरड्यानं कसं जावं?" एवढंच त्या म्हणाल्या. पोर बरी झाली ती सलाइनने, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लेक नवा फ्रॉक घालून कधीची तयार बसली होती. आधी खंडोबा, मग दर्ग्याची टेकडी, मग आइस्क्रीम, असा तिचा बेत ठरलेला. म्हणून मी जीपमध्ये चढले.

टेकडीच्या पायथ्याशी आमची जीप अडवली. आमचे हे ज्या सहकारी साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर होते, त्याचे चेअरमन निवडणुकीचा नारळ फोडायला वर येणार होते, म्हणून बाकीच्यांनी चालत जायचं. कारखान्याचा त्या वर्षी बॉयलर पेटला नव्हता, ऊस सगळा चारा छावणीतल्या जनावरांच्या पोटात गेला होता, आणि तरी नारळ फुटणारच होता. त्याहून संतापाची गोष्ट म्हणजे साहेबांच्या गाड्यांना धूळ लागू नये म्हणून रस्त्यावर टँकरने पाणी मारणं चाललं होतं. आमच्या गावाला न मिळणारं पाणी मातीत जिरताना मी डोळ्यांनी बघत होते. मी दोन शब्द बोलायला गेले, तर हे दबक्या आवाजात म्हणाले, "गप की. साहेब हायत." तिकडे सासूबाईंनीही घागर डोक्यावर रिकामी केली. साहेबाचा टँकर आणि देवाची घागर यांत मला काडीचा फरक दिसला नाही. चढ चढताना मी मनातल्या मनात खंडोबाला फाडफाड बोलत होते की, तुलाही असलीच माणसं आवडतात का.

अर्ध्या चढावर लेक उन्हाने मटकन खाली बसली. हात लावला तर अंग तापलेलं, घामाचा टिपूस नाही, डोळे वर गेलेले. आमच्या प्यायच्या पाण्याची बाटली जीपमध्येच राहिली होती. तेवढ्यात खालून साहेबांच्या गाड्या आल्या. नेहमी मान खाली घालून राहणारे हे रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवू लागले. गाड्या त्यांना वळसा घालून, काचा बंद ठेवून वर गेल्या. त्या काचा मी आजही विसरलेले नाही आणि विसरायचंही नाही.

तिथे एका कडुलिंबाखाली नेकनूरचं एक कुटुंब डबा खात बसलं होतं. त्यातल्या प्रौढ बाई धावत आल्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात बुद्धाचं पदक. त्यांनी पोरीला सावलीत नेलं आणि म्हणाल्या, "ओलं काय हाय का? आमचं पाणी सरलंय." कोणी काही बोलायच्या आत सासूबाईंनी लुगडं सोडायला घेतलं. भर रस्त्यात, ज्यांचा डोक्यावरचा पदर मी कधी ढळलेला पाहिला नव्हता त्यांनी. त्या बाईंनी अंथरलेली चादर ओढून त्यांच्याभोवती धरली. ओल्या लुगड्यात आम्ही लेकीला गुंडाळलं, पदराने वारा घातला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तोवर जीपकडे धावलेले हे खालून बाटली घेऊन पळत आले होते. मी त्या बाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला धरलं. "आमी देवाला न्हाई आलो, बाई. लेकरांला डोंगर दाखवाया आलतो."

वर नारळ फुटल्याचा जल्लोष ऐकू येत होता. सासूबाई चादर लपेटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "नवस ऱ्हायला." मी म्हणाले, "ऱ्हायला कुठं, आत्याबाई? फिटला." त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे. आम्ही तिथूनच शिखराला हात जोडले आणि उतरलो.

हे कसं घडलं याची फोड मी करत बसत नाही. साहेबांवरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, आणि देवाने तो कमी कर म्हटलं तरी मी करणार नाही. पण काय वाया जातं आणि काय कामी येतं, हे ठरवणारी मी कोण, एवढं त्या चढावर कळलं, आणि तेवढ्यापुरती मी त्याच्या पायाशी आहे.

चादर आमच्याकडेच राहिली होती. टँकर आला त्या दिवशी मी ती घागरभर पाण्यात स्वच्छ धुतली, वाळवली आणि नेकनूरला नेऊन दिली. धुताना शेजारीण म्हणाली, "असल्या दिवसांत चादरी कावून धुती?" मी पिळत राहिले.