आधी बाहेर यायला शिकवणाऱ्या आक्का

आदरणीय कौसल्याबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी नखशिखान्त भिजलेली होते आणि रागाने फणफणत होते. माझे माहेर जुन्या जालन्यातले, कापड दुकानांच्या गल्लीतले. बादलीपेक्षा खोल पाण्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. लग्न होऊन राजूरजवळच्या या गावात आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात जावेच्या नादाने गावतळ्यावर गेले. दुपारचा वेळ तिथे बायकांचा असतो. मीही काष्टा खोवून कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि आता कुणीतरी पोहायला शिकवील म्हणून वाट पाहू लागले. पायरीवर बसलेल्या एक उंच बाई म्हणाल्या, "चल, बाहेर ये." मी आले. "आता परत जा, अन् परत बाहेर ये." दिवस कलेपर्यंत त्यांनी मला नुसते आतबाहेर करायला लावले. कधी पायरीवरून, कधी काठाचा दगड धरून, कधी डोळे मिटून. रात्री मी नवऱ्याला सांगितले, "ती बाई पोहायला शिकवत नाही, हाकलून देते."

त्या बाई म्हणजे आपल्या कौसाआक्का. यंदा त्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. मी किराणा दुकान चालवणारी बाई. पुड्या बांधण्यापलीकडे माझा कागदाशी फारसा संबंध येत नाही, तेव्हा चूकभूल पोटात घालावी.

बाहेरगावच्या वाचकांना तळ्याची ओळख करून द्यायला हवी. निळ्या फरशीचा, तिकीट काढून पोहायचा तलाव डोळ्यांसमोर आणू नका. दगडी काठ, तीन बाजूंनी पायऱ्या, एका कोपऱ्यात पाणकणसाचे बेट. तळाशी जिवंत झरे आहेत, त्यामुळे पावसाळा बरा झाला असेल तर वैशाखातही पुरुषभर पाणी राहते. पाण्यात कसले औषध टाकत नाहीत. घाण खायला मासे आहेत आणि घाण करणाऱ्यांना आक्का आहेत. साबण घेऊन आलेल्या माणसाला त्या कशा परत पाठवतात हे ज्यांनी पाहिले आहे, ती माणसे तळ्याजवळून जाताना अजून पिशवी पदराआड धरतात.

आक्कांचा नियम एकच. "ज्याला बाहेर यायला येत न्हाई, त्यानं आत उतरायचं न्हाई." हा नियम त्या मेंढरांकडून शिकल्या. त्यांचे माहेर धनगराचे. लोकर कातरायच्या आधी त्यांच्या वडिलांचा कळप याच तळ्यात धुतला जायचा. गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून एकेका मेंढराच्या हनुवटीखाली हात धरायचा, हे लहानपणी आक्कांचे काम. त्या सांगतात, "मेंढरू आपसूक पवतं. पण काठ घावला न्हाई की भेतं, अन् भेलं की बुडतं. मानसाचं बी बराबर तसंच हाये."

पुढे आमच्या भागात मोसंबीच्या बागा वाढल्या आणि बागांसाठी प्लास्टिक अंथरलेली शेततळी आली. शेजारच्या वस्तीवरचा एक पट्टीचा पोहणारा तरुण अशाच एका शेततळ्यात बुडून गेला. प्लास्टिक शेवाळून निसरडे झाले होते. पोहता येत होते, वर चढता आले नाही. आक्का त्याच्या घरी जाऊन आल्या. मग त्यांनी जाड दोर आणला, त्याला हात-हात अंतरावर गाठी मारल्या आणि एकेका बागेत जाऊन काठाला बांधायला सुरुवात केली. एक मोठे बागाईतदार म्हणाले, "बघू सवडीनं." आक्का त्यांच्या बांधावरच मांडी घालून बसल्या. "तुम्ही करा तुमचं काम. मी गाठी मारून राह्यले." दिवस मावळायच्या आत त्या बागाईतदारांनी स्वतः खुंटी ठोकली. आज आमच्या शिवारात दोर नसलेले शेततळे शोधावे लागेल.

आक्कांच्या मायेचा अनुभव तर माझ्या घरातच आहे. सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारे गेले, तेव्हा त्यांनी अंथरूण धरले आणि बोलणे सोडले. आक्का घरी आल्या, त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "हिला पाण्यात घालू." आम्ही चौघी सासूबाईंना खुर्चीत बसवून पायऱ्या उतरवायचो. आक्का त्यांच्या हनुवटीखाली हात धरून पाण्यात उभ्या राहायच्या. सासूबाईंच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द निघाला तो आक्कांना हासडलेली शिवी होता. आक्कांना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला आहे. मी विचारले, "पण आक्का, यांना कुठे बाहेर येता येतं? तुमचा नियम?" त्या म्हणाल्या, "त्यांना मी धरलंय ना."

दोन उन्हाळ्यांपूर्वी आक्कांचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, पाण्यात खुशाल चाला, पोहा, बरेच वाटेल, पण पायऱ्या चढायच्या नाहीत. झाले. आक्कांनी काठावर खुर्ची मांडली आणि पाण्यात जाणेच बंद केले. नव्या सुना, पोरी येत होत्या, आक्का वरून सांगत होत्या, सगळे सुरळीत चालले होते. पण बायका निघून गेल्या की त्या पाण्याकडे बघत बसायच्या. ते बघणे माझ्याच्याने बघवत नसे. मी शेवटी म्हणाले, "सासूबाईंना आपण उचलून आणत होतोच की."

"तवा धरायला मी व्हते."

"आता आम्ही आहोत."

"हायेत. पन मी जड हाये. वल्या पायरीवर एकीचा पाय सरकला तर दोघी जाताल. ते बिलकुल जमायचं न्हाई मला."

मला राग आला आणि रडूही आले. ज्या बाईने आम्हा सगळ्यांना पाण्यातून बाहेर यायला शिकवले, तिलाच आपल्या नियमापायी पाणी बंद व्हावे?

वाट सुचवली तीही आक्कांच्याच बोलण्याने. एकदा मेंढरांच्या गोष्टी सांगताना त्या म्हणाल्या, मेंढरे पायऱ्या चढत नाहीत, म्हणून चौथ्या बाजूला त्यांच्यासाठी दगडी उतार होता. गाळ काढला तेव्हा तो तिकडेच टाकला गेला आणि उतार गडप झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही कुदळी-फावडी घेऊन लागलो. पुरुषमंडळींनी ट्रॅक्टर दिला. खालचा खडबडीत फरसबंद उतार जसाच्या तसा निघाला. आक्का खुर्चीतून विचारत होत्या, "काहून करून राह्यल्या हे?" मी सांगितले, म्हशींसाठी. मग आम्ही एका कडेने लोखंडी कठडा बसवला. आक्कांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "म्हशी कठडा धरून येनार व्हय?" मग पदर डोळ्यांना लावला.

परवा दुपारी त्या खुर्चीतून उठल्या. कठडा धरून गुडघाभर पाण्यात गेल्या, वळल्या आणि बाहेर आल्या. मग कमरेपर्यंत गेल्या आणि बाहेर आल्या. आम्ही दोन्ही बाजूंनी हात पुढे करून उभ्या होतो. "हात मागं घ्या," त्या म्हणाल्या. छातीभर पाण्यातून त्या सावकाश, एकट्या चढून वर आल्या. धाप लागली होती. थोडे थांबून म्हणाल्या, "बराबर हाये. आता जाते." आणि गेल्या. तळ्याच्या मध्यावर जाऊन उताण्या पडल्या आणि डोळे मिटून तरंगत राहिल्या. काठावर बसलेल्या माझ्या सासूबाई ओरडल्या, "जल्दी ये गं, माझा बी नंबर हाये." आक्कांनी ऐकले नाही, किंवा ऐकूनही दाद दिली नाही.

समारंभात त्यांना शाल मिळेलच. त्या दिवशी पाण्यातून आल्यावर त्यांच्या खांद्यावर त्यांच्याच माहेरची घोंगडी टाकायला मिळाली, हा माझा वाटा मी आधीच उचलला आहे. आक्कांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. दर उन्हाळ्यात त्यांनी मनसोक्त पाण्यात उतरावे, आम्ही काठावर हात मागे घेऊन उभ्या राहू, आणि त्यांनी दर वेळी आपल्या पायांनी बाहेर यावे.