टोमणा पुस्तकात गेला

माझा पुतण्या आठवडाभर माझ्याकडे राहिला, तो माझी चाल शिकण्यासाठी. तो मुंबईत रॅप गातो. त्याची गाणी मुले फोनवर ऐकतात, हे मला श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर कळले. गाण्यांतील शब्द मात्र कळले नाहीत. गाण्यांनंतर त्याने आपल्या बालपणावर पुस्तक लिहिले. ते खपले, त्यावर चित्रपट करायचे ठरले, आणि त्यात त्याने काकाची, म्हणजे माझी, भूमिका मागून घेतली. स्वतःची भूमिका करण्याचे त्याचे वय उलटले होते.

पुस्तक मी वाचले नव्हते. ते निघाले तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, "काका, त्यात आमची भाषा आहे. शिव्या आहेत. तुम्ही नका वाचू." अलिबागच्या कोर्टात जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला शिव्यांचे नावीन्य नसते. तरी मुलाने मर्यादा राखली असे मी समजलो आणि ती मोडू नये म्हणून पुस्तक मागवले नाही.

त्या आठवड्यात तो माझ्या मागे मागे सुपारीच्या वाडीत फिरला. मी उठताना गुडघ्यावर कोणता हात टेकतो, अडकित्ता धरताना अंगठा कुठे ठेवतो, हे सारे त्याने फोनवर टिपून घेतले. इतक्या बारकाईने माझ्याकडे आजवर कोणी पाहिले नव्हते. मला ते आवडले.

एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "काका, जरा रागावून दाखवा ना."

"कोणावर?"

"बाबांवर."

"तुझ्या बापावर मी कधी रागावलो नाही."

"समजा, रागावलात."

मला ते जमले नाही. माझा धाकटा भाऊ मुंबईला गोदीत कामाला होता आणि तरुणपणीच गेला. त्याच्यावर लटके रागावणे मला शोभेना. पुतण्या हसून म्हणाला, "असू दे. ते मी करतो."

तो परत गेल्यावर चार दिवसांनी शेजारच्या गावचा निवृत्त एसटी ड्रायव्हर माझ्या ओटीवर येऊन बसला. त्याच्या काखेत ते पुस्तक होते. हा माणूस आणि मी उभ्या आयुष्याचे प्रतिस्पर्धी. आमच्या भागात शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात. एका पक्षाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. तो शक्तीवाल्यांचा कवी, मी तुरेवाल्यांचा. देवादिकांचे सवाल संपले की टोमणे सुरू होतात आणि त्यांत घरादाराची गय केली जात नाही. मात्र ज्याला टोमणा मारायचा तो समोर उभा असावा लागतो आणि उत्तराची पाळी त्याला मिळावीच लागते. सामना उरकला की दोन्ही पक्ष एका पंगतीला जेवतात. मंचावरचे बोलणे कोणी घरी नेत नाही.

"वाचलंस का रं हे?" त्याने विचारले.

"नाही."

"मग वाच. माझं गाणं हाय त्यात. आनि माझं नाव न्हाय."

त्याने खूण घातलेले पान मी उघडले. त्या प्रकरणात काका मेलेल्या भावाची वाडी गिळतो. विधवा भावजय आणि तिचे पोर दारात उभे असताना तो सुपारी कातरत राहतो. वर पाहत नाही.

"गणपतीतला तो सामना आठवतो?" ड्रायव्हर म्हणाला. "भावाच्या पोफळी गिळल्यास, तुझं पोट कसं फुगलं न्हाय, असं मी गायलो होतो. तुझा हा पुतण्या ढोलकीवाल्याच्या मांडीला टेकून बसला होता."

"मी जवाब दिला होता."

"दिलास की. माझ्या गाडीच्या ब्रेकवर गायलास आनि वाडीचा हिशेबपन सगळ्या गावासमोर गाऊन दाखवलास. पोरगं तवर झोपलं असंल. झोपन्यासारखाच होता तो जवाब."

मी हसलो नाही. तो उठला. जाताना म्हणाला, "मी रचलं ते खोटं होतं, हे मला ठावं होतं, तुला ठावं होतं, मांडवातल्या म्हातारीलाबी ठावं होतं. हे पुन्यातली मानसं वाचतात. त्यांना कोन सांगनार?"

वाडी आजही माझ्या आणि भावजयीच्या नावावर आहे. भाऊ गेल्यापासून सुपारी विकली की अर्धा वाटा भावजयीला मुंबईला जातो. यात मोठेपणा नाही. वाटा तिचाच आहे. मी तिला फोन केला. पुस्तक तिने वाचले आहे का, एवढेच विचारले.

ती आधी नुसते "हो" म्हणाली. मग म्हणाली, "भावोजी, तुम्हाला तिथे सगळं गाव ओळखतं. याला आत्ता कुठे चार लोक ओळखायला लागलेत. जाऊ द्या ना."

चित्रीकरणासाठी चित्रपटाची मंडळी जवळच दिवेआगरला आली. आमची वाडी त्यांनी पाहून नापसंत केली. वादळात जुनी झाडे आडवी झाली, नंतर लावलेल्या पोफळी अजून कोवळ्या होत्या, आणि काकाने गिळलेली वाडी भरगच्च दिसायला हवी होती. म्हणून दुसऱ्या कोणाची तरी भाड्याने घेतली. एका दुपारी पुतण्या मधल्या सुट्टीत मला भेटायला आला, तो तसाच. केस पांढरे केलेले, माझ्यासारखा चष्मा, माझ्यासारखा सदरा. ओटीवर बसताना त्याने गुडघ्यावर उजवा हात टेकला. बरोबर टेकला.

"वाडीचे ते खोटे आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे, काका."

"केव्हापासून?"

"लिहायच्या आधीपासून. लहानपणी खरंच वाटायचं. मग आईने सांगितलं."

"तरी लिहिलेस."

"काका, पुस्तकात मला भांडायला कोणीतरी हवा. बाबा गेले, आईने धुणीभांडी केली, मी गायला लागलो, एवढ्यावर कोण पुस्तक काढणार? आणि आम्ही रॅपच्या बॅटलमध्ये एकमेकांना याहून वाईट बोलतो. तुमच्या सामन्यातूनच शिकलो की मी."

"सामन्यात मी समोर उभा होतो."

त्याने चष्मा काढला. मग एकदम उजळून म्हणाला, "मग आता द्या ना जवाब! मी कॅमेरा लावतो. शेवटी नावं येतात ना, तिथे तुमचं गाणं टाकू. लोक वेडे होतील."

"आणि वाडीचा तो प्रसंग?"

"तो राहणार. सगळा पिक्चर त्याच्यावर उभा आहे."

मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत एक वाक्य घाल, की वाडी दोघांची होती आणि आहे. गाणे नको, माफी नको.

"सत्यकथा म्हणून विकलंय ते," तो हळू म्हणाला. "एक वाक्य घातलं तर आईची धुणीभांडीसुद्धा कोणी खरी मानणार नाही."

हा युक्तिवाद कच्चा नव्हता. कोर्टात मी याहून कच्चे टिकलेले पाहिले आहेत. मी त्याला जेवून जा म्हटले. मेकअप उतरेल म्हणून तो जेवला नाही.

चित्रपट लागला. पुतण्याच्या कामाची वाखाणणी झाली असे ऐकतो. गावात कोणी मला काही बोलले नाही; जुनी माणसे तर पुतण्यालाच हसली. पण सुट्ट्यांत बाहेरची माणसे वाडी शोधत येऊ लागली.

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपे आले. सभ्य होती मुले. चपला बाहेर काढून त्यांनी विचारले, "ती वाडी हीच का?"

"हीच."

"आणि तुम्हीच का ते काका?"

मी होय म्हटले. नातेच विचारले होते, त्यात खोटे काही नव्हते. त्यांना बसायला सांगितले आणि आतून कोकम सरबत आणले. मुलगी बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत होती. शेवटी अगदी हलक्या आवाजात, मला दुखवू नये म्हणून शब्द निवडून, तिने विचारले, "आजोबा, आता कधी पश्चात्ताप होतो का?"

खरे उत्तर एकच होते.

"नाही," मी म्हणालो.

तिने मुलाकडे पाहिले. दोघे उठली. सरबताचे पेले भरलेले तसेच राहिले.