गिलाव्यातले काचेचे धागे

लातुरात आमच्या घराला गिलावा करायला आलेला म्हातारा गवंडी सिमेंटच्या मालात काचेचे पांढरे धागे विस्कटून टाकत होता. मला कुठला धीर! मी छेडलंच, "मामा, गिलाव्यात म्हातारीचे केस घालून राहिलात काय?"

तो हसला. खाजणारे हात चोळत म्हणाला, "यानं तडे कमी जातेत, साहेब. भूकंपात माझी घरवाली मीच रचलेल्या दगडमातीच्या भिंतीखाली गेली. भिंतीनं माणसाला भायेर पळायला येळ तरी द्यावा."

गावभर हशा पिकवणाऱ्या मी धाग्यांची पिशवी उचलून त्याच्यापुढं धरली. त्यानं मालात आणखी मूठभर धागे टाकले.

काम संपल्यावर मी विचारलं, "तुमच्या घरालाही हाच गिलावा?"

"पत्र्याच्या शेडात राहतो. भिंत न्हाई रचली परत."