उलटलेलं पान

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढं पोटात घालावं. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांचं अक्षर मात्र मोत्याचं होतं.

"कोण मेलं, कोण जल्मलं?"

बैलावरून उतरायच्या आधी हेळवी हे विचारायचे. पाणी नंतर, गूळ नंतर, बसायला घोंगडं नंतर. उत्तर मिळेपर्यंत बैलसुद्धा दारात पाय रोवून उभा असायचा.

निपाणी-संकेश्वरकडं ज्यांचं लहानपण गेलं त्यांनी हेळवी पाहिले असतील. सुगी झाली की ते बैलावर बसून येतात, दारात घराण्याची वंशावळ म्हणतात, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत घालतात, पायलीभर जोंधळे किंवा जुनं धोतर घेऊन पुढच्या दारी जातात. आमच्या गावचे हेळवी उंच होते आणि एका पायानं लंगडायचे. बैलावर बसायला मिळावं म्हणून लंगडतात, असं लोक म्हणायचे. ते ऐकून हेळवीच हसायचे. "व्हय की. खाली उतरलो की पाय बरा हुतोय, पर मग बैल रुसतोय."

प्रत्येक घराच्या सात-सात पिढ्या त्यांना पाठ होत्या. स्वतःच्या लेकींची नावं विचारली तर बोटं मोजत बसायचे. "त्या कुटं लिवल्यात? लिवलं न्हाय ते माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय." कुणाच्या दोन बायका वहीत घालायच्या असल्या की म्हणायचे, "मला एकच ओळ जादा लागती. निस्तरायला मालकाला जलम लागतोय."

आणि वही उघडताना, बोट जिभेला लावून, दर वेळी हे ठरलेलं: "मी आइकलेलं लिवतो, लिवलेलं वाचतो. मधलं माझं काय न्हाय."

आता माझ्या आजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं. आजाच्या दोन गाड्या होत्या. खानापूरच्या रानातलं लाकूड तो लोंढ्याच्या ठेसनावर ओढायचा. आठ महिने तिकडं, चार महिने गावात. गावात त्याची बायको होती, एक मुलगा होता. ते आमचे थोरले आप्पा. एका वर्षी आजा परत आला तो गाडीत एक बाई आणि तिच्या अंगावर पिणारं मूल घेऊन. ते मूल म्हणजे माझे वडील, आबा. रानाच्या कडेला दोन खोल्या घालून आजानं तिला तिथं ठेवलं. तेव्हापासून एक वरचं घर आणि एक खालचं घर झालं. पुढच्या पावसाळ्यात आजा तापानं गेला.

तो होता तोवर कुणी विचारलं नाही, आणि गेल्यावर विचारायला कुणी उरलं नाही. कुणी म्हणे, खानापूरकडं देवळात लग्न लावून आणली. कुणी म्हणे, भावाच्या हातावर पैसे टेकवून आणली. माझी आजी एवढंच म्हणायची, "मला हळद लागल्या." वरच्या घरानं तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तशीच ती मेली.

आमच्याकडं दोन बायका असणं ही नामुष्कीची गोष्ट नव्हती. वहीत नसणं ही होती. दारात हेळवी पुरुषांचीच नावं म्हणायचे; बायकांची नावं वहीतच असायची. वहीत आजीचं नाव लग्नाची म्हणून निघालं असतं तर तंबाखूचं रान निम्मं आबांचं झालं असतं. नाही निघालं तर आम्ही दोन खोल्यांचे, आणि वरचं घर देईल ते खाणारे.

मी तेरा वर्षांची असताना संकेश्वरजवळच्या एका घरातून मला मागणं आलं. घर चांगलं होतं. मुलाचे चुलते बोलणी करायला आले. ते स्पष्ट बोलले. "आज्यानं दोन केल्या त्याचं आमास्नी काय न्हाय. आमच्यातबी हायेत. पर लिवलेली पायजे. उद्या आमच्या भावकीत कुणी काय म्हणाय नगं."

ठरलं असं, की हेळवी आले की वरच्या घराच्या अंगणात भावकी जमवायची, वही वाचून घ्यायची आणि लगेच साखर वाटायची. आबांना कसली शंका नव्हती. "हेळव्यांच्या बानं लिवलंय," ते आईला म्हणाले. "माझ्या बानं तांब्याची घागर दिल्या त्यापायी. आई सांगायची."

त्या वर्षी हेळवी नव्या बैलावर आले. जुना आदल्या पावसाळ्यात वाटेत बसला तो उठलाच नव्हता. नवा पांढरा होता, शिंगं रंगवलेली. आबांनी कौतुकानं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. हेळवी दुसरीकडं बघत उतरले. कोण मेलं, कोण जन्मलं, हे त्यांनी विचारलं नाही.

अंगणात पुरुष बसले. आम्ही बायका दारामागं. हेळव्यांनी वही उघडली आणि वाचायला लागले. वाचताना त्यांचा आवाज बदलायचा, जात्यावर म्हटल्यासारखा एका लयीत यायचा. मूळपुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. मग आजाचं नाव आलं. बायको अमुक, अमुक गावची लेक. मुलगा एक. बोट जिभेला लागलं, पान उलटलं, आणि थोरल्या आप्पांच्या मुलांची नावं सुरू झाली.

"थांबा की," आबा म्हणाले. "आमची आई ऱ्हायली."

"मी आइकलेलं लिवतो, लिवलेलं वाचतो," हेळवी म्हणाले. त्यापुढचं वाक्य त्या दिवशी ते बोलले नाहीत.

"नीट बघा. असंल."

आमच्या भावकीत कुणाला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुळाच्या माणसानं वहीत डोकवायचं नसतं. आबा एकदम म्हणाले, "माझी पोरगी चौथी शिकल्या. ती वाचंल. दावा तिला."

थोरल्या आप्पांचा तंबाखूच्या चंचीत घातलेला हात तिथंच थांबला. हेळव्यांनी मी उभी होते त्या दाराकडं पाहिलं. एक पान त्यांनी परत मागं घेतलं. उघडी वही दोन्ही हातांवर धरून दाराच्या दिशेनं पुढं केली. "ये बाई," ते म्हणाले, "वाच."

अंगणातली सगळी माणसं दाराकडं बघत होती. ज्यांच्या घरी मला द्यायची ते चुलतेही. आईनं मला पाठीत हलकेच ढकललं. माझे पाय उचलले नाहीत. मी चौकटीला धरून उभी राहिले, खाली बघत. किती वेळ ते आता सांगता येणार नाही. मग वही मिटल्याचा आवाज आला.

मुलाचे चुलते उठले. वाईट बोलले नाहीत. "पोरगी चांगली हाय," ते आबांना म्हणाले, "पर आमास्नी भावकीत तोंड दावायचं हाय." साखरेची आणलेली पुरचुंडी त्यांनी परत पिशवीत घातली.

त्यानंतर आबा गावात कुणाच्या कट्ट्यावर बसले नाहीत. पाणवठ्यावर आईला बायका विचारायच्या, "व्हय गं, तुझ्या सासूला हळद कुठल्या दुकानात मिळालती?" वर्षभरात आम्ही निपाणीला आलो. आबा तंबाखूच्या वखारीत बोद, म्हणजे तंबाखूचे मोठाले गठ्ठे, उचलायला लागले, आई आणि मी पानांच्या शिरा काढायला. वखारीतली धूळ आबांच्या छातीत बसली आणि चार वर्षांत त्यांना घेऊन गेली. मला एका बिजवराला दिली होती. त्याबद्दल इथं लिहीत नाही. तोही गेल्यावर मी आईकडं परत आले, परत शिरा काढायला बसले.

हेळवी एवढ्या वर्षांत आमच्या दारात आले नव्हते. मग एका सुगीनंतर आले. चालत.

"बैल?" आईनं विचारलं.

"मेला. दोन वर्सातच मेला."

ते उंबऱ्याबाहेर बसले. लंगडणं आता खरं होतं की आधीपासून खरंच होतं, मला कळलं नाही. आई म्हणाली, "लिवून घ्या अण्णा. मालक गेलं."

त्यांनी वही काढली, पण दौत काढली नाही. ठरावीक पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. मी वाचलं. त्यांच्या वडिलांचं अक्षर, तेही तसंच मोत्याचं. माथ्यावर परत आजाचं नाव. खाली, दुसरी बायको, आजीचं नाव, खानापूरकडच्या अमक्या गावची लेक, लग्नाची. मुलगा एक. घागर पावली.

आईनं मला ते तीनदा वाचायला लावलं.

मग हेळव्यांनी सांगितलं. जुना बैल मेल्यावर ते थोरल्या आप्पांकडं मदत मागायला गेले होते. बैलाशिवाय हेळव्याला कुणी दारात उभं करत नाही. थोरल्या आप्पांनी चाळीस रुपये दिले. फेडायला नकोत म्हणाले. फक्त माझी बोलणी होतील त्या दिवशी दोन पानं एकदम उलटायची.

"बैलाच्या भावात इकलंसा व्हय अण्णा आमास्नी," आई म्हणाली.

"व्हय आक्का."

मग ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मी पान मागं घेतलंतं. तू भाईर आली असतीस तर..."

"पोरीवर ढकलू नगा," आई म्हणाली.

"न्हाय ढकलत," ते म्हणाले आणि मान खाली घातली.

पण त्या उघड्या वहीपर्यंतची पाच-सहा पावलं मी तेव्हापासून रोज चालते.

आई म्हणाली, "मग आता भावकीत वाचा." ते त्यांना करता येत नव्हतं. त्यांच्यात असा नेम होता की ज्या पानावर पैसे खाल्ले ते पान पैसे फिटेपर्यंत चारचौघांत वाचायचं नाही. वाचलं तर वही खोटी झाली. त्यांच्या भाऊबंदांत कुणी असं पानावर खाल्लेलं त्यांना ठाऊक नव्हतं. "आमच्या सात पिढ्यांत मीच," ते म्हणाले. त्या दिवशी पहिले सहा रुपये ते वरच्या घरी देऊन आले होते. थोरले आप्पा हसले होते म्हणे, पण हातात आलेला रुपया त्यांनी कधी परत केला नव्हता. हे फिटायचं नाही, असं त्यांनी धरलं असणार.

तेव्हापासून दर वर्षी हेळवी आधी वरच्या घरी जायचे, मग निपाणीला आमच्या खोलीवर यायचे. कधी तीन रुपये दिलेले, कधी दोन. पायी फिरणाऱ्या हेळव्याला धान्यही कमीच मिळायचं. आई त्यांना भाकरी वाढायची आणि टोमणाही. "बैलाचं कातडंबी एवढं टिकत न्हाय अण्णा, जेवढं तुमचं देणं टिकलं." ते मान डोलवून जेवायचे. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत धान्य रेशनवर गेलं, दारात कुणी पसाभर घालेना. एका वर्षी आठच आणे देता आले, तेव्हा भाकरी न खाताच गेले.

आई गेली त्या वर्षी त्यांनी आबांच्या नावाखाली तिचं नाव लिहिलं. काही मागितलं नाही. "लग्नाची" हा शब्द मी न सांगता त्यांनी घातला, आणि शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत बसले.

पुढं एका सुगीला ते आले नाहीत. त्यांच्याऐवजी एक ठेंगणी बाई चिकोडीकडून चालत आली. कपाळ मोकळं होतं. म्हणाली, "खालच्या घरची पोरगी तू का? लई लाजती म्हणालतं आमचं मालक." मी तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. मी हो म्हटलं. "चल माझ्यासंगं. तुला घिऊन जा म्हणून सांगून गेल्यात."

वाटेत तिनं सांगितलं, की वही आता तिच्या दिराकडं आहे, तो घटप्रभेकडची गावं फिरतो, इकडं येणार नाही. आमचं पान आता इकडं कोण वाचणार, हे तिला माहीत नव्हतं.

वरच्या घराच्या अंगणात तंबाखू निवडायचं काम चाललं होतं. भावकीतली पाच-सात माणसं, तेवढ्याच बायका. थोरले आप्पा खूप म्हातारे झाले होते, भिंतीला टेकून बसले होते. बाईनं पदराची गाठ सोडून राहिलेले चार रुपये त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी मोजले, धोतराच्या सोग्यात बांधले.

"झालं," ते म्हणाले. "जा आता."

ती उठली नाही. "फिटलं म्हना."

"फिटलं."

"कशाचं ते म्हना. चारचौघांत म्हनावं लागतंय. त्याबगार मेलेला सुटत न्हाय, आणि देणं घेनाऱ्याच्या उंबऱ्यावर बसतंय."

थोरल्या आप्पांनी इकडं तिकडं पाहिलं. निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. "बैलाचं," ते हळू म्हणाले.

"बैल कशापायी दिलंतंसा?"

म्हाताऱ्याचे ओठ हलत राहिले. मेल्या माणसाला ते भीत होते, आम्हाला नव्हे. शेवटी भिंतीकडं तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "खालच्या घरचं पान उलटायला दिलेलं चाळीस रुपय. फिटलं."