पडवीतलं पातेलं

माझ्या सासूबाई कट्टर शाकाहारी. त्यामुळे माझं कोंबडीचं पातेलं लग्नापासून मागच्या पडवीत, आणि ते शेगडीवर चढलं की मीही तिथेच. वास मात्र खुशाल घरभर हिंडायचा. त्याला कधी कोणी उंबऱ्यावर अडवलं नाही.

परवा डॉक्टरांनी त्यांना अशक्तपणासाठी कोंबडीचं सूप सांगितलं. आज सकाळपासून पडवीत बसून गाजर, मुळा, आलं घालून मी ते मंद आचेवर शिजवलं. त्यांनी डोळे मिटून वाटी संपवली, वर आणखी मागितलं. पोटात जागा झाली, आता ओट्यावरही होईल, असं वाटून मी पातेलं आत आणलं.

“अगं, ते बाहेरच ठेव. स्वयंपाकघर बाटेल,” त्या म्हणाल्या. तवंग अजून त्यांच्या ओठांवर चमकत होता.