आडनाव : वलद

आमच्या घरात पहिली पदवी माझी. हे मी अभिमानानं सांगते. त्याचा तोटाही सांगते: घरातला प्रत्येक फॉर्म माझ्याकडे येतो. त्यामुळे माझ्या वडिलांची मोठी बहीण, ऐंशी उलटलेली माझी आत्या, एक दिवस म्हणाली, "परदेशातून माणसाच्या मरणाचा दाखला मागवता येतो म्हणं," तेव्हा मी फक्त विचारलं, "कुणाचा?"

"माझ्या बापाचा."

आजोबांची गोष्ट घरात दोन वाक्यांची होती. निजामाच्या राज्यातून सुतारकामाला आफ्रिकेतल्या एका बंदरावर गेले. एक पत्र आलं, मग काहीच नाही. आत्या तेव्हा पाच वर्षांची, माझे वडील आजीच्या पोटात. गावानं ठरवून टाकलं की त्यानं तिकडं दुसरं बिऱ्हाड केलं. माझे वडील "आफ्रिकावाल्याचं पोरगं" ऐकत वाढले आणि बापाबद्दल एक शब्द न बोलता गेले. आजीनं कुंकू पुसलं नाही. सवाष्ण म्हणूनच गेली. म्हणून तिचं श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला होतं, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा तो दिवस. आजोबांचं पान मात्र आम्ही कधीच मांडलं नाही. जिवंत असेल त्याचं कसं मांडणार?

"दुसरं घर केलं असंल तर तसं कळू दे," आत्या म्हणाली. "मेला असंल तर तिथी कळू दे. मी गेल्यावर कोण विचारणार हाय?"

त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाचा अर्ज ऑनलाइन होता. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. नाव, आडनाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शोधायचं, तुमचं नातं काय. आमचं आडनाव नीट लिहून पाठवलं. सहा आठवड्यांनी दोन ओळींची मेल आली: या नावाची नोंद आढळत नाही. स्पेलिंग बदलून पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच.

"बी.ए. झालीस ना गं?" आत्या म्हणाली. "मग एक माणूस सापडंना तुला?"

"बी.ए.ला आफ्रिका नव्हती, आत्या."

राग आला होता, पण तिचा नाही. सगळे सरकारी कागद माझ्या हाताखालून गेलेत. आपण अर्ज केला आणि तो परत आला, हे मला सहन होत नाही.

आजीच्या पेटीत एक उर्दू कागद होता. आजोबांनी निघण्याआधी तहसिलीतून घेतलेल्या दाखल्याची नक्कल. मला उर्दू ऐकून कळते, वाचता येत नाही. तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून सुलतान बाजारात गेले. तिथं जुनी पुस्तकं विकणारे एक म्हातारे दुकानदार आहेत. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं: आजोबांचं नाव, मग वलद, मग पणजोबांचं नाव. साकिन, म्हणजे राहणार, आमचं गाव. पेशा सुतारी. संपलं.

"और सरनेम?" मी विचारलं.

"सरनेम किधर का अम्मा? बाप का नाम है, गाँव का नाम है. और क्या होना तुमकू?"

वलद म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. आमच्या जुन्या जमिनीच्या कागदांवर हा शब्द मी शंभरदा पाहिला असेल, पण कधी लक्षच दिलं नव्हतं. आमचं आडनाव बहुधा वडिलांना शाळेत घातलं तेव्हाचं. मी आजोबांना त्यांच्याजवळ नसलेल्या आडनावानं शोधत होते!

घरी परतताना कुकटपल्लीच्या बसमध्ये मला माझीच पदवी आठवली. तिच्यावर माझं आडनाव आधी आणि नाव नंतर आहे, तेलुगू पद्धतीनं. तेव्हापासून बँकेत मला आडनावानंच हाक मारतात. कारकून रकाना रिकामा ठेवत नाही. समोर दिसेल ते भरतो. तिकडच्या कारकुनानं काय भरलं असेल?

घरी येऊन तिसरा अर्ज केला. आडनावाच्या रकान्यात 'वलद' लिहिलं, आणि शेऱ्यात पणजोबांचं नाव.

पाच आठवड्यांनी पाकीट आलं. आत्या खुर्चीत सरसावून बसली. मी उभ्यानंच वाचलं. आडनाव: वलद. वय एकतीस. सुतार. विवाहित. मृत्यूचं कारण ताप. खबर देणारा सोबतचा कामगार, त्याचा अंगठा. आणि तारीख.

आत्यानं बोटांवर महिने मोजले. "तुझा बाप तवा पाळण्यात असंल."

"हो. निघून वर्षही झालं नव्हतं."

"मग दुसरं घर?"

"एवढ्यात कुठलं दुसरं घर, आत्या?"

तिनं तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, "म्हंजी आई सगळा जन्म कुंकू लावून फिरली, अन् हा तिकडं कवाच गेला होता. लोकांच्या घरी सवाष्ण म्हणून जेवली ती."

"हो."

"कागद तवाच आला असता तर पंचविशीत बांगड्या फोडल्या असत्या तिच्या." तिनं दाखला माझ्या हातातून घेतला, वाचता येत नसतानाही वरून खाली पाहिला. "बरं झालं उशिरा आला."

फोनवर त्या तारखेची तिथी काढली. पंचमी निघाली. मी सरळ बोलणारी आहे, म्हणून विचारलं, "मग आजीची नवमी? आता ती अविधवा कुठं राहिली? गुरुजी म्हणतील, तिथी बदला."

"नवमी हलवायची न्हाई."

"गुरुजींनी विचारलं तर?"

"बापाची तिथी सांग. आईचं कुणी विचारलंय तुला?"

"म्हणजे लपवायचं?"

"एवढी शिकलीस माय, एक कागद घडी करून ठेवता येत न्हाई?"

यंदा पक्षात पंचमीला माझ्या भावानं आजोबांचं श्राद्ध केलं. "इतक्या वर्षांनी तिथी कुठून मिळाली?" गुरुजींनी विचारलं. "आफ्रिकेहून," भाऊ म्हणाला. गुरुजी हसले आणि दर्भ मागितला. आत्यानं पानावर पहिला भात स्वतः वाढला.

चार दिवसांनी नवमी. खालच्या मजल्यावरची तेलुगू शेजारीण सवाष्ण म्हणून जेवायला आली. तिच्या ओटीत खण घालताना आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आत्या, वरण गार होतंय," आणि वाढायला घेतलं.